मुठीतला मका

गांगुर्डेकाका कोंबड्यांना अहोजाहो करायचे आणि माणसांना अरेतुरे. शेडमध्ये शिरले की कोंबडीला, "काय बाई, आज पाणी नाय प्यालात?" आणि मागे उभ्या असलेल्या मालकाला, "ए दोन हजारवाल्या, सरक तिकडं, त्यांना हवा लागू दे." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा ते ठेवायचेच नाहीत. ज्याच्याकडे जितके पक्षी तो त्याचा आकडा. पाचशेवाला, बाराशेवाला, दोन हजारवाला. माझ्याकडे एकही पक्षी नव्हता, म्हणून पहिली दोन वर्षं मी नुसती 'लॅबवाली' होते. त्याचा मला भयंकर राग यायचा. मायक्रोबायॉलॉजीत पहिला वर्ग मिळवलेली मी, आणि हा खिशात दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन हिंडणारा माणूस मला लॅबवाली म्हणतो म्हणजे काय!

आता राग येतो तो दुसऱ्याच माणसांचा, आणि त्या यादीत माझं नाव बरंच वर आहे. पण ते पुढे येईलच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिंडोरी रोडला कोंबडीखाद्याची एक मिल होती, तिथे मी नोकरीला होते. इंदिरानगरहून मॅटाडोरने जायचं, पत्र्याच्या खोलीतल्या लॅबमध्ये बसायचं, आलेल्या मक्याचा आणि पेंडीचा ओलावा मोजायचा, निळ्या दिव्याखाली मक्याचे तुटके दाणे धरून हिरवट चमक दिसते का ते बघायचं. चमक दिसली तर बुरशीच्या विषाचा संशय. मग हिरवी चिठ्ठी नाहीतर लाल चिठ्ठी, आणि खाली माझी सही. हिरवी असेल तर माल आत, लाल असेल तर ट्रक परत. निदान नियम तरी तसा होता.

काका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झाले होते. आधी पेठला, मग सुरगाण्याला, शेवटी दिंडोरीला. लोक डॉक्टर म्हणायचे तर ते चिडायचे. "मी डॉक्टर नाय. डॉक्टर सही करायचे, मी सुई टोचायचो." आमच्या शेठनी त्यांना गिऱ्हाइकांच्या शेडवर फिरायला ठेवून घेतलं होतं, कारण तालुक्यात काकांनी कोंबडीला हात लावला की लोकांना बरं वाटायचं. एक खडखडणारी लुना, हँडलला अडकवलेली कापडी पिशवी, आणि वरच्या खिशात कागदात गुंडाळलेलं ते ब्लेड. कुणाच्याही घरी गेले तरी शेड बघितल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. "आधी त्यांचं खाणं बघू, मग माझं," म्हणायचे. बायामाणसं चहा घेऊन ताटकळत उभी राहायची आणि चहावर साय धरायची.

एकदा ते चपलांसकट माझ्या लॅबमध्ये आले आणि बंद मूठ माझ्या नाकाखाली धरली.

"हुंग."

"काय?"

"हुंग म्हणतो ना. चावत नाय."

मी नाक जवळ नेलं. ओली सतरंजी घडी घालून माळ्यावर ठेवली आणि विसरली, तर आठ दिवसांनी येतो तसला वास.

"आता तुझ्या त्या यंत्राला विचार."

यंत्र म्हणालं, ओलावा बरोबर आहे. मी तसं जरा ताठ्यातच सांगितलं. काकांनी मूठ उघडून दाणे माझ्या टेबलावर ठेवले. "यंत्राला पाणी कळतं. वास नाय कळत." मग त्यांनी मला मूठ शिकवली. मका नुसता हुंगला तर काही समजत नाही. मूठभर घ्यायचा, गच्च मूठ वळायची, अंगठ्याच्या बाजूने आत गरम श्वास सोडायचा, हाऽ करून, चष्मा पुसताना सोडतो तसा. दहा आकडे मोजायचे आणि मग मूठ किंचित उघडून नाकाला लावायची. दाण्याच्या पोटात जे लपलेलं असतं ते उबेने बाहेर येतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा नाही आलं.

त्याच महिन्यात एक ट्रक आला. मी वरच्या चार पोत्यांतून नमुने घेतले, सगळं उत्तम, हिरवी चिठ्ठी फाडली. काका तिथेच लुनाला किक मारत होते, ते उतरले. "ए, मागच्या कोपऱ्यातलं तळाचं पोतं काढा." हमाल कुरकुरले, ड्रायव्हरने तर आईमाईवरून शिव्या दिल्या. काका ट्रकच्या मागच्या फाळक्याला टेकून उभे. शेवटी काढलं. तळाचे दोन थर काळेठिक्कर, दाण्यांवर हिरवी पावडर. वर चांगला माल लावून खाली भिजलेला भरला होता. मी चिठ्ठी परत मागून घेतली. मला वाटलं आता हा माणूस चारचौघांत माझी इज्जत काढणार. ते एवढंच म्हणाले, "वरचं पोतं देणारा दाखवतो ते असतं. तू खालचं माग." आणि निघून गेले.

नाकाला सगळं कळतं असं ते कधीच म्हणाले नाहीत, हे सांगायला हवं. उगाच चमत्काराच्या गोष्टी रचायला नकोत. बुरशी वाळून मरते, वास उडून जातो, विष तेवढं दाण्यात राहतं. म्हणून ते ब्लेड. शेडमध्ये मर लागली की मेलेली कोंबडी पोत्यावर उताणी ठेवायचे, "माफ करा बाई," म्हणायचे, आणि एका चिरेत काळीज, म्हणजे लिव्हर, बाहेर. चांगलं काळीज लालसर तपकिरी, घट्ट. बुरशी खाल्लेलं पिवळट, सुजलेलं, बोटाने दाबलं की लोण्यासारखं फुटणारं. मालक सांगत असायचा की लस चुकली, हवा बदलली, शेजारच्या शेडमधून रोग आला. काका बोट दाबून दाखवायचे. "रोग नाय. तुझा मका हाय हा." मग कडुनिंबाचा पाला हातावर चोळून चहा मागायचे. बऱ्याच जणांना त्यानंतर चहा विचारायची इच्छाच राहिलेली नसायची.

कोंबड्यांच्या काळजासाठी झाडपाल्याची पावडर करायचं खूळ त्यांनी पेठहून आणलं होतं. तिथल्या डोंगरातली माणसं काविळीला भुईआवळी देतात, ते त्यांनी नोकरीत पाहिलेलं. "माणसाचं काळीज सावरतं, मग या बायांचं का नाय?" म्हणून घरामागे दोन खुराडी बांधली. भुईआवळी, शरपुंखा, हळद, काडेचिराईत. सगळं सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि काकूंच्या उखळात कुटायचं. काकू करवादायच्या, "माझ्या मिरच्यासुद्धा आता कडू लागतात." कडू म्हणजे किती कडू! शेठना एकदा चिमूटभर जबरदस्तीने चाटायला लावली, तर ते दिवसभर थुंकत होते.

एका रविवारी मला मुद्दाम घरी बोलावलं. दिंडोरीच्या अलीकडे रस्त्यापासून आत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. अंगणात पळसाची तीन पानं मांडलेली, प्रत्येक पानावर कोंबडीची काळजं. पहिल्या पानावरची खराब मका खाऊन वाढलेल्या कोंबड्यांची, पिवळी फटक. दुसऱ्या पानावरची तोच मका, पण पावडर घातलेला. फरक आंधळ्यालाही दिसला असता. रंग धरलेला, सूज कमी. मी हरखून गेले. "काका, हे तर लिहून काढायला पाहिजे!" मी टाळ्या वाजवायच्याच बाकी होते.

"थांब. नाचू नको." त्यांनी तिसरं पान पुढे ओढलं. "हे चांगल्या मक्याचं. आता दुसरं बघ."

दुसऱ्या पानावरचं आता मला तितकंसं छान दिसेना. कडा पिवळसर होत्या, वर बारीक ठिपके होते.

"बरं हाय. चांगलं नाय. समजलं? थोडं विष चुकून पोटात गेलं तर ही पावडर काळजाला हात देते. रोज विष चारून वर पावडर चारली, तर ती काय करील? आधी मका फेकायचा, मग पावडर. हे तिसरं पान विसरू नको, पोरी."

पोरी! दोन वर्षांनी लॅबवालीची पोरी झाले होते. मला इतका आनंद झाला की घरी येऊन आईलाही सांगितलं.

मी सगळं नीट लिहून शेठना दिलं. शेठनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला कळलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, दोन पानं पुरेत. तिसऱ्याने लोकांचा गोंधळ होईल."

पावडरचं पाकीट निघणार, त्यावर काकांचा फोटो असणार, असं ठरलं. काका आधी नकोच म्हणाले. मग म्हणाले, घ्या, पण दोन अटी. एक, फोटोत माझ्याबरोबर एक बाई पाहिजे. फोटोग्राफर बिचारा काकूंकडे बघायला लागला. काकांनी खुराड्यातून पांढरी कोंबडी आणून काखेत धरली. दुसरी अट त्यांनी औषधाच्या वेष्टणामागे पेन्सिलीने लिहून माझ्या हातात दिली. 'खराब मका आधी फेका. मग ही पावडर.' पाकिटावर पहिली ओळ हीच हवी. शेठ म्हणाले, हो हो, अगदी. काकांनी शेठकडे बघितलंही नाही, मला विचारलं, "मजकूर तू लिहिणार ना? मग झालं."

मजकूर मीच लिहिला. छापायला जायच्या आदल्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा सांगितला. "मॅडम, आपण मक्याचंच खाद्य विकतो. आपणच लिहायचं मका फेका? उद्या गिऱ्हाईक आपली पोती उकिरड्यावर टाकेल. ती ओळ काढा, काहीतरी उमेद देणारं लिहा." आणि मी, पहिल्या वर्गातली मी, तिथेच बसून, चहा संपायच्या आत दुसरी ओळ लिहून दिली. 'आता बुरशीची चिंता नको.' शेठ खूश झाले. म्हणाले, वा, तुमच्या हाताला यश आहे.

काकांच्या हातात पाकीट आलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते पुढून मागून वाचलं. मग विचारलं, "जागा पुरली नाय का?"

"पुढच्या छपाईत टाकू, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी विश्वास ठेवला. किंवा ठेवल्यासारखं केलं, देव जाणे. पुढची छपाई झाली, त्याच्या पुढचीही झाली. ते गावोगाव फिरून तोंडाने सांगत राहिले की आधी मका फेका. जिथे लुना पोहोचत होती तिथपर्यंत ती ओळ पोहोचत होती. फोटो मात्र पार लांब लांब गेला. पुढे पावडर मिलमध्येच खाद्यात मिसळायला लागले, आणि मग पाकिटावरचे काका पोत्यावर आले, मोठे, रंगीत, काखेत कोंबडी.

एका वर्षी परतीच्या पावसाने मक्याची वाट लावली. खळ्यावर पडलेली कणसं भिजली, ती तशीच मळली, तशीच पोत्यांत भरली. त्या दिवसांत काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर ते घरी होते. ट्रक आत आला तेव्हा मला लॅबमधून उठायचीही गरज नव्हती, वास आवारभर पसरला होता. तरी मी गेले. तळाचं पोतं काढायला लावलं. मूठ वळली, श्वास सोडला, दहा मोजले. निळ्या दिव्याखाली दाणे धरले तर ते नवरात्रातल्या रोषणाईसारखे चमकत होते.

मी शेठकडे गेले. एवढं तरी केलं. ते म्हणाले, "सगळीकडे असाच माल आहे यंदा. काकांची पावडर दुप्पट टाका."

"शेठ, पावडरने नाही भागणार. ते तिसरं पान..."

"कसलं पान?"

मी खाली आले आणि त्या ट्रकला, मग त्याच्यामागून आलेल्यांनाही हिरव्या चिठ्ठ्या फाडल्या. एकेक करून, प्रत्येकीवर सही करून. लोक अशा वेळी घरची परिस्थिती सांगतात. मला नोकरी हवी होती. बाकीची कारणं मी नंतर फुरसतीने जमवली.

तीन-एक आठवड्यांनी मर सुरू झाली. दिंडोरीच्या पश्चिमेला डोंगराकडे एक पाडा आहे, तिथल्या सुमनबाई भोये. त्यांनी पाड्यावरच्या दहा-बारा बायकांना एकत्र करून शेड उभं केलं होतं. साडेतीनशे पक्षी. ओळीने पाळी लावून बायका पाणी भरायच्या, भुसा बदलायच्या. पाड्यावर पहिल्यांदाच बायकांच्या हातात स्वतःचं असं काही आलं होतं, आणि ते रोज तीस-चाळीस करून मरत होतं. सुमनबाई पाटीत सहा मेलेले पक्षी घालून, वर फडकं टाकून, एसटीने काकांच्या घरी आल्या. हे मला फार उशिरा काकूंनी सांगितलं, त्यामुळे जसं घडलं तसं सांगते.

काकांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं होतं. ते ओट्यावर खाली बसले, पहिला पक्षी घेतला, "माफ करा बाई," म्हणाले आणि चीर दिली. मग दुसरा. मग सहाही. काळजं हातात फुटत होती. मग विचारलं, "खाद्य कुठलं?"

सुमनबाईंनी पाटीच्या तळाचं रिकामं पोतं काढून झटकलं आणि पसरलं. रंगीत काका, काखेत कोंबडी.

"तुमीच व्हते ना पोत्यावर," सुमनबाई म्हणाल्या. "म्हणून घेतलं. दुसरं स्वस्त मिळत व्हतं, पण बाया म्हणाल्या, बाबाचा फोटो हाय, हेच घ्या."

काकू म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या हातातून ब्लेड कधी पडलं नव्हतं. त्या दिवशी पडलं.

दुसऱ्या दिवशी काका डोळ्यावर पट्टी असताना लुना घेऊन मिलमध्ये आले. कसे आले कोण जाणे. आवारात सात-आठ शेडवाले आधीच आरडाओरडा करत होते आणि शेठ पायरीवर उभे राहून हात वर करत होते. काकांना बघताच शेठना बोलायला जागा मिळाली. "हे बघा, आलेच. विचारा यांनाच. फॉर्म्युला यांचा, फोटो यांचा. मी काय कोंबड्यांचा डॉक्टर आहे?"

सगळे काकांकडे वळले. बाराशेवाला तर अंगावरच धावून गेला. काकांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि विचारलं, "मका कोणी पास केला?"

लॅबची खिडकी आवाराकडे उघडते. मी खिडकीतच होते. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. शेठ बोलले नाहीत, आणि मी निळ्या दिव्याखाली नसलेला नमुना बघत बसले. काका थांबले. बराच वेळ थांबले, उत्तर यायला जेवढा वेळ द्यावा त्याहून जास्त. मग गोदामाच्या दाराशी गेले, सांडलेल्या ढिगातून मूठभर मका घेतला, मूठ वळली, श्वास सोडला. नाकाला लावला. हात उघडून मका तिथेच सोडून दिला, हात पँटला पुसला आणि लुना ढकलत निघून गेले.

त्यानंतरचा महिना-दीड महिना ते शेडोशेडी हिंडत होते. लोकांना वाटलं भरपाईचं बोलायला आले. ते फक्त रिकामी पोती मागायचे. खिशातलं ब्लेड काढायचे आणि पोत्यावरचा आपला फोटो चौकोनी कापून काढायचे. पोतं परत द्यायचे, तुकडा पिशवीत टाकायचे. कुणी शिव्या घातल्या, कुणी कुत्रं सोडलं. बाराशेवाल्याने मेलेल्या कोंबड्यांनी भरलेलं पोतं त्यांच्या अंगणात आणून ओतलं, तेव्हा त्यांनी एकट्याने खड्डा खणून त्या पुरल्या. ओळ गाळली गेली होती, तिसरं पान लपवलं होतं, मका पास करणारा हात दुसराच होता, यातलं एक अक्षर त्यांनी एकाही माणसाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला त्याचा आजही राग येतो. सांगायला हवं होतं. शेठचं नाव घ्यायला हवं होतं. माझं घ्यायला हवं होतं.

काकू म्हणाल्या, त्या दिवसांत त्यांनी सगळ्यांची नावं पाठ केली. ज्यांना आयुष्यभर आकड्यांनी हाक मारली त्यांची नावं. सकाळी खुराड्याशी बसून पुटपुटायचे, सुमन भोये, दत्तू पगार, काशिनाथ जाधव. काकूंना आधी वाटलं जप करताहेत.

सुमनबाईंचं शेड पुन्हा भरलं नाही. त्यात सरपण रचून ठेवतात असं ऐकलं. शेठनी काय केलं? पोत्यावर पांढरा कोट घातलेला कुणीतरी गुळगुळीत तरुण आणला, पावडरचं नाव बदललं, आणि धंदा जोरात चालू ठेवला. खालची ओळ मात्र तीच. मी पुढे वर्षभराने नोकरी सोडली आणि अंबडला एका औषधाच्या कंपनीत लागले. एकदा कामासाठी नांदगावला गेले होते तर बाजारात एका दुकानाबाहेर ती पोती थप्पीने लावलेली. 'आता बुरशीची चिंता नको.' माझं वाक्य. दुकानदार एका म्हातारीला तेच वाक्य बोट ठेवून वाचून दाखवत होता. मी तिथून चालू लागले. तेव्हाही.

काकांकडे जायला मला सहा वर्षं लागली. तोपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे मांडव आले होते, ट्रॅक्टरवरून फवारणी चालली होती आणि त्यांचं घर शोधायला दोनदा विचारावं लागलं. काका अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते. समोर आठ-दहा कोंबड्या. "अहो, तुम्ही तिकडं काय करताय, मांजर हाय तिकडं," एकीला सांगत होते.

काकू म्हणाल्या, "मिलमधली वैशाली आलीय."

त्यांनी मान हलवली. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. काकू चहा टाकायला आत गेल्या. मी येताना मॅटाडोर, एसटी, रिक्षा करत सगळं मनात घोळवलेलं होतं, ते एका दमात बोलून टाकलं. "काका, पाकिटावरची ओळ मी काढली. शेठनी सांगितलं म्हणून काढली, पण काढली मीच. माफी मागायला आलेय."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. ओसरीच्या कोपऱ्यात दोन डबे होते, एक झाकलेला, एक उघडा. उघड्या डब्यात निवडून बाजूला काढलेला मका असावा. त्यात हात घातला, मूठ वळली, तोंडाशी नेऊन श्वास सोडला. हाऽ. ओठ हलत होते, दहा मोजत होते. मग मूठ माझ्या नाकाखाली धरली.

"हुंग."

मी हुंगलं. तोच वास. सतरंजीचा.

"बुरशी आहे, काका."

"किती?"

"बरीच आहे. दाण्याच्या आतून येतोय वास."

"नाक चांगलं हाय की तुझं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं म्हणा ना, पहिल्यांदा मूठ जमली तेव्हा होतं तसलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग त्या दिवशी काय, पडसं झालं होतं?"

ती ओळ नव्हे. तो ट्रक. माझ्या माफीत ट्रक नव्हताच. तो मी काळजीपूर्वक घरी ठेवून आले होते. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आवारात उभं राहून विचारलं तेव्हाही ठाऊक होतं.

त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही, एकदा बघून झाली होती. घरामागच्या खड्ड्यात मूठ झटकली, बादलीत हात धुतले, झाकलेल्या डब्यातला मका ओंजळीत घेतला आणि कोंबड्यांपुढे टाकला. "या बाई, या. हा चांगला हाय." काकू चहा घेऊन आल्या. मी कप हातात घेऊन उभी होते आणि काका माझ्याकडे पाठ करून त्यांचं खाणं बघत बसले होते.